खान्देशात शहामृग होते तेव्हा

जळगाव जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटणे हे गाव आहे. पाटणादेवीच्या दर्शनाला आणि तिथून पुढे पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे जाणारे लोक त्याच्या शिवारातून जातात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी इथे उत्खनन केले. मातीचे थर एकामागून एक उतरवताना दगडी हत्यारांच्या सोबतीने त्यांना जाड कवचाचे तुकडे मिळाले. त्यातल्या काहींना घासून, मधोमध भोक पाडून मणी केले होते. एका तुकड्यावर कोणीतरी एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची नक्षी कोरली होती. कवच शहामृगाच्या अंड्याचे होते आणि कार्बन-१४ पद्धतीने त्याचे वय सुमारे २५ हजार वर्षे निघाले.

राजस्थान, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र मिळून चाळीसहून अधिक ठिकाणी असे तुकडे सापडले आहेत. अंडे खरोखर शहामृगाचेच का, याविषयी कुणाला शंका असेल तर तीही आता उरलेली नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील संशोधकांनी २०१७ मध्ये अशा कवचांमधून प्राचीन डीएनए मिळवला आणि तो आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळला. नक्षीबाबत मात्र सावध राहायला हवे. भारतात ज्या तुकड्यांवर कोरीव काम असल्याचे पूर्वी सांगितले गेले, त्यांतल्या बहुतेकांवरच्या रेषा मातीतल्या मुळांनी खाऊन पडल्या असाव्यात, असे नंतरच्या तपासणीत मांडले गेले. पाटण्याचा तुकडा त्या तपासणीतही टिकला.

शहामृग दाट झाडीत राहत नाही. दूरवर नजर पोचेल असे मोकळे माळरान, खुरटे गवत, विरळ झुडपे आणि पळायला जागा, हे त्याला लागते. तेव्हा पाटण्याच्या त्या तुकड्याने एका पक्ष्याची वार्ता दिलीच, शिवाय एका हवामानाचीही दिली. २५ हजार वर्षांपूर्वीचा खान्देश आजच्याहून कोरडा आणि उघडा होता.

हिमयुग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे केसाळ मॅमथ येतात, बर्फाचे कडे येतात, कातडी पांघरलेले युरोपातले शिकारी येतात. दख्खनच्या पठारावर त्या काळात हिमनदी नव्हती, म्हणून हिमयुग ही दुसऱ्यांच्या देशातली गोष्ट असे आपण धरून चालतो. हा समज सोडायला हवा. हिमयुग आपल्याकडेही आले होते आणि ते हजारो वर्षे लांबलेल्या अवर्षणाच्या रूपात आले.

आधी जगाची स्थिती पाहू. पृथ्वी गेली सुमारे २६ लाख वर्षे थंड आणि उबदार कालखंडांच्या फेऱ्यात आहे. त्यातला शेवटचा थंड कालखंड साधारण १ लाख १५ हजार वर्षांपूर्वी सुरू झाला आणि ११ हजार ७०० वर्षांपूर्वी संपला. त्याचा कडेलोट २६ हजार ते १९ हजार वर्षांपूर्वीच्या टप्प्यात झाला. आजचा जवळजवळ सगळा कॅनडा बर्फाखाली होता आणि ते बर्फ न्यूयॉर्कपर्यंत पोचले होते. काही ठिकाणी त्याची जाडी तीन किलोमीटरच्या वर होती. स्कँडिनेव्हिया आणि ब्रिटनचा बराच भाग असाच गाडला गेला होता. पृथ्वीचे सरासरी तापमान औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या तापमानापेक्षा सुमारे ६ अंश सेल्सियसने कमी होते. हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत १९० भागांच्या आसपास उतरला होता. आज तो ४२० च्या वर आहे. आणि एवढे बर्फ जमिनीवर साठायला जे पाणी लागले ते समुद्रातून आलेले असल्याने समुद्राची पातळी सुमारे १२० मीटरने खाली गेली होती.

हे सारे माणसाला कळून दोनशे वर्षेही झालेली नाहीत. आल्प्समधल्या शिकाऱ्यांनी आणि गुराख्यांनी आधी ओळखले की दरीत पडलेले अवाढव्य परके दगड पुराने वाहून आलेले नाहीत, ते हिमनदीने आणून टाकले आहेत. व्हाल द बान्य या खोऱ्यातला ज्याँ-पियेर पेरोदँ हा शिकारी १८१५ च्या सुमारास हे सांगत होता. लुई आगासी या स्विस निसर्गशास्त्रज्ञाने १८३७ मध्ये विद्वानांच्या सभेत ते मांडले, तेव्हा प्रस्थापितांना ते रुचले नाही. पण हिमयुगे का आली, या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्यांपैकी मला सर्वात जवळचा वाटतो तो सर्बियाचा गणिती मिलुतिन मिलांकोविच. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सत्तेने त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून अटकेत टाकले. पुढे त्याला बुडापेस्टमध्ये नजरकैदेत राहण्याची आणि तिथल्या विज्ञान अकादमीचे ग्रंथालय वापरण्याची मुभा मिळाली. युद्धाची वर्षे त्याने आकडेमोडीत घालवली. पृथ्वीची कक्षा सुमारे एक लाख वर्षांच्या चक्रात कमी-जास्त लंबवर्तुळाकार होते. तिच्या आसाचा कल ४१ हजार वर्षांच्या चक्रात बदलतो. आणि आस डुलत असल्यामुळे कोणत्या ऋतूत पृथ्वी सूर्याच्या जवळ असेल हेही सुमारे २३ हजार वर्षांच्या चक्रात फिरते. या तिन्हींच्या जमाखर्चातून उत्तरेकडचे उन्हाळे थंड पडू लागले की हिवाळ्यातला बर्फ पुरता वितळत नाही, तो वर्षानुवर्षे साठत जातो. त्याचा मुख्य ग्रंथ १९४१ मध्ये बेलग्रेडमध्ये छापला जात असताना शहरावर बॉम्ब पडले आणि छापखाना उद्ध्वस्त झाला. त्यातूनही ग्रंथ बाहेर आला. लेखक १९५८ मध्ये गेला. १९७६ मध्ये हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन यांनी समुद्रतळातून काढलेल्या गाळात नेमकी हीच चक्रे मोजून दाखवली.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तेराव्या शतकात मठ स्थापला, त्याचा शिलालेख याच पाटण्याचा आहे. ग्रहगती शिकवणाऱ्या त्या मठाच्या शिवारात शहामृगाची कवचे गाडलेली होती आणि ती तिथे का आली याचे कारण शेवटी ग्रहगतीतच निघाले. आपल्या इतिहासातला हा योग मला फार मोलाचा वाटतो.

आता मुख्य प्रश्न. कॅनडा आणि स्कँडिनेव्हिया बर्फाखाली गेले, तर खान्देशातला पाऊस का कमी झाला?

या प्रश्नाचा पहिला धागा एका दुष्काळात सापडला. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खन आणि मद्रास इलाखा उद्ध्वस्त केला. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७५ मध्ये, भारतीय हवामान खाते स्थापन झाले होते आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे प्रमुख होते. पाऊस का चुकतो हे शोधताना १८८४ मध्ये त्यांनी मांडले की हिमालयात हिवाळ्यात आणि वसंतात बर्फ जास्त पडला की पुढच्या पावसाळ्यात हिंदुस्थानात कोरडे वारे वाहतात. नंतरच्या शंभर वर्षांत हा संबंध बराच गुंतागुंतीचा असल्याचे दिसून आले. तरी त्यामागची समज खरी होती. मान्सून चालतो तो जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातल्या फरकावर. उन्हाळ्यात आशियाची जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरचे ओले वारे आत ओढले जातात. जमिनीवर बर्फ असेल तर सूर्याचे ऊन परत फेकले जाते आणि उरलेली उष्णता बर्फ वितळवण्यात खर्ची पडते.

एका वर्षाच्या बर्फाने असे होत असेल तर हजारो वर्षांच्या बर्फाने काय झाले असेल याची कल्पना करावी. उत्तर गोलार्ध गारठलेला होता. उन्हाळ्यात आशियाची भूमी पूर्वीसारखी तापत नव्हती. समुद्रही थंडावला होता, त्यामुळे वाफ कमी होती. नैऋत्येचे वारे दुबळे झाले आणि हिवाळ्यातले ईशान्येचे कोरडे वारे बळावले. याची साक्ष अरबी समुद्राच्या तळाशी आहे. नैऋत्य मान्सूनचे वारे जोरात असले की पश्चिम अरबी समुद्रात खोल पाणी वर येते आणि त्यातल्या पोषणावर फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म जीवांची एक ठरावीक जात भरभराटते. हिमयुगाच्या कडेलोटाच्या काळातल्या गाळात तिची कवचे कमी होतात. बंगालच्या उपसागराची साक्षही हीच आहे: त्या काळात त्याचे वरचे पाणी आजच्यापेक्षा खारट होते, कारण गंगा-ब्रह्मपुत्रा आणि इतर नद्या गोडे पाणी कमी आणत होत्या. निलगिरीच्या दलदलींतल्या कुजट मातीतही त्या काळी झाडांची पिछेहाट होऊन गवत पसरल्याच्या खुणा आहेत. खुद्द हिमालयाच्या अनेक खोऱ्यांत हिमनद्या जगातल्या थंडीच्या कडेलोटावेळी नव्हे, तर त्याआधीच्या ओलसर टप्प्यांत सर्वात लांब पसरल्या होत्या. पुरेशी थंडी होती; बर्फ पडायला लागणारी ओल नव्हती.

दख्खनमध्ये मात्र या काळाची सगळ्यात मोठी नोंद नद्यांनी ठेवली आहे. आपल्या नद्या बर्फावर जगत नाहीत. जून ते सप्टेंबरात घाटमाथ्यावर जे कोसळते तेच त्यांचे भांडवल. प्रवरा, मुळा, घोड, भीमा आणि गोदावरीच्या काठांनी गेलेल्या प्रत्येकाने पिवळसर-तपकिरी मातीच्या उंच दरडी पाहिल्या असतील. त्यांत मध्येच वाळू-गोट्यांचे पट्टे असतात, जागोजागी चुनखडीचे खडे असतात. नदी आज या दरडींच्या पायथ्याशी, कित्येक मीटर खाली वाहते. हा एवढा गाळ कधी साठला आणि त्याला चिरत नदी खाली कधी गेली?

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील शरद राजगुरू यांनी या दरडी वाचण्यात आयुष्य घातले. भूगोलतज्ज्ञ विश्वास काळे यांच्याबरोबर त्यांनी १९८७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात वायव्य दख्खनच्या नद्यांचा इतिहास मांडला. गाळातल्या शिंपल्यांच्या आणि इतर अवशेषांच्या कार्बन-१४ वयांवरून त्यांनी दाखवले की हा गाळ प्रामुख्याने हिमयुगाच्या शेवटच्या कोरड्या टप्प्यात साठला. वरवर पाहता हे उलटे वाटते. पाऊस कमी तर गाळही कमी, असे आपण म्हणू. पण डोंगरउतारांवरची झाडी विरळ झाली की थोड्या सरींनीही माती सुटून नदीत येते आणि नदीत तिला पुढे वाहून नेण्याचे बळ नसते. थकलेला बैल वाटेतच बसावा आणि ओझे तिथेच उतरावे लागावे, तशा या नद्यांनी आपली माती आपल्याच पात्रात उतरवली. नंतर मान्सून परतला तेव्हा त्याच नद्यांनी तो गाळ कापून आजची खोल पात्रे तयार केली. चुनखडीचे खडेही कोरड्या हवेचेच लक्षण आहेत: पाणी झिरपून पार जाण्याइतके नसले की चुना जमिनीत अडकून गोळा होतो.

हे समजल्यावर नेवाशाजवळची प्रवरेची दरड मातीचा ढीग राहत नाही. ती हजारो वर्षांच्या चुकलेल्या पावसाळ्यांची वही होते, आणि माझ्या मते महाराष्ट्रातल्या कोणत्याही किल्ल्याइतकी ती जपण्याजोगी आहे.

त्या वहीत प्राणीही आहेत. गाय पिलग्रिम या भूवैज्ञानिकाने १९०५ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरजवळ गोदावरीच्या गाळात सापडलेल्या एका अजस्र हत्तीच्या कवटीचे वर्णन प्रसिद्ध केले. हा आजच्या हत्तीचा पूर्वज नव्हता, वेगळ्याच जातीचा होता, सरळ सुळ्यांचा आणि खांद्यापाशी चार मीटरहून उंच. आज तिथे पक्ष्यांचे अभयारण्य आहे. शिरूर तालुक्यातले इनामगाव आपल्याला ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या वस्तीमुळे माहीत असते. त्याच परिसरात घोड नदीच्या जुन्या गाळातून हिमयुगातल्या प्राण्यांची हाडे निघाली आहेत. या आणि इतर नद्यांच्या गाळांतले अवशेष डेक्कन कॉलेजच्या गि. ल. बदाम यांनी वर्षानुवर्षे अभ्यासले. प्रचंड शिंगांचे रानबैल, घोडे, हरणे होती, आणि नर्मदेसारख्या नद्यांत पाणघोडे होते.

पाणघोडा हा शहामृगाच्या अगदी उलट. त्याला बारा महिने पाण्याचे डोह लागतात. शहामृग आणि पाणघोडा एकाच देशात नांदत होते याचा अर्थ असा की उघड्या माळांमधून वाहणाऱ्या मोठ्या नद्यांनी आपले डोह अजून राखले होते. माणसे आणि जनावरे याच डोहांच्या आधाराने राहिली असणार. पण शेवटी डोहही आटले. भारतातल्या पाणघोड्याचा सर्वात अलीकडचा पुरावा सुमारे १६ हजार वर्षांपूर्वीचा आहे. याच सुमारास उत्तर अटलांटिकमध्ये हिमखंडांचे लोंढे वितळून तिथले सागरी प्रवाह मंदावले होते आणि आशिया-आफ्रिकेच्या मान्सूनपट्ट्यात पराकोटीचे अवर्षण पडले होते. ते इतके तीव्र होते की आफ्रिकेतले व्हिक्टोरिया सरोवर कोरडे पडले. आज ज्याचे क्षेत्रफळ ६८ हजार चौरस किलोमीटरच्या घरात आहे, त्या सरोवराचा तळ तेव्हा उघडा पडला होता.

तरीही भारताने फार कमी गमावले. उत्तर अमेरिकेत हिमयुगाच्या अखेरीस मोठ्या सस्तन प्राण्यांचे बहुतेक वंश संपले. भारतीय उपखंडात सरळ सुळ्यांचा हत्ती, स्टेगोडॉन हा हत्तीचा दूरचा नातलग, पाणघोडा आणि एक रानघोडा, अशा मोजक्याच मोठ्या सस्तन जाती गेल्या, असे अद्वैत जुकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवले. आपला हत्ती, गेंडा, गवा, वाघ टिकले. इथल्या प्राण्यांना माणसाची आणि त्याच्या आधीच्या मानवजातींची सवय लाखो वर्षांची होती; अमेरिकेतल्या प्राण्यांपुढे शिकारी माणूस एकाएकी उभा राहिला. मला हे कारण पटते.

आणि समुद्र? पाणी १२० मीटर खाली गेले तेव्हा कोकणची किनारपट्टी आजच्या जागी नव्हती. मुंबईसमोरचा उथळ सागरतळ फार रुंद आहे. त्यामुळे तिथे किनारा दोनशे किलोमीटरहूनही पश्चिमेला सरकला होता. खंबायतचे आखात कोरडी जमीन होती, इराणचे आखातही. श्रीलंका भारताला जोडलेली होती. उल्हास, वैतरणा, सावित्री या नद्या आजच्या मुखांपाशी न थांबता त्या सपाट प्रदेशातून पुढे वाहत होत्या. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी पश्चिम किनाऱ्यासमोर पाण्याखाली जुन्या किनाऱ्यांच्या पायऱ्या आणि बुडालेली प्रवाळभित्तिका नोंदल्या आहेत. तिथे माणसे राहत असतील तर त्यांच्या खुणा आज मासेमारीच्या जाळ्यांच्याही खाली आहेत. फ्रान्समध्ये अशी एक खूण हाती लागली: मार्सेजवळ आँरी कोस्केर या पाणबुड्याला १९८५ मध्ये समुद्रसपाटीखाली ३७ मीटरवर एका गुहेचे तोंड सापडले. आत वर चढत गेल्यावर भिंतींवर २७ हजार वर्षांपूर्वीचे हातांचे ठसे होते आणि घोडे, सील, पक्षी रंगवलेले होते. चित्रकार तिथे चालत गेले होते.

आपल्याकडच्या माणसांनी काय केले? त्यांनी हत्यारे लहान केली. दगडाची बारीक, धारदार पाती काढायची, ती लाकडात किंवा हाडात बसवायची आणि एक तुटले तर तेवढेच बदलायचे. मध्य प्रदेशात मेहताखेडी येथे अशी पाती सुमारे ४५ हजार वर्षांपूर्वीची आहेत. वणवण करणाऱ्या, हलके सामान बाळगणाऱ्या लोकांना हे तंत्र सोयीचे होते. आणि अशा दिवसांतही पाटण्याच्या कोणा माणसाने बसून अंड्याच्या कवचाचे मणी घासले. एक मणी करायला कवच तोडावे लागते, भोक पाडावे लागते, कडा गोल घासाव्या लागतात. पोट भरण्याशी त्याचा संबंध नव्हता. दुष्काळी काळातला माणूस म्हणजे फक्त भुकेला माणूस, असे मानणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

सुमारे १४ हजार ७०० वर्षांपूर्वी हवा झपाट्याने उबदार झाली. बर्फ वितळू लागले. एका टप्प्यात तर समुद्र पाचशे वर्षांहून कमी काळात पंधरा-वीस मीटर चढला. मध्येच १२ हजार ९०० ते ११ हजार ७०० वर्षांपूर्वी थंडीने पुन्हा उचल खाल्ली आणि मग ती कायमची ओसरली. मान्सूनला खरा हात दिला तो मिलांकोविचच्या चक्रानेच. आज पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ जानेवारीत असते. १० हजार वर्षांपूर्वी ती उत्तरेच्या उन्हाळ्यात जवळ होती. अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ जॉन कुट्झबाख यांनी १९८१ मध्ये गणिती प्रतिकृतीने दाखवले की तेवढ्या जादा उन्हाने मान्सून आजच्यापेक्षाही जोरदार झाला असणार. दख्खनच्या नद्यांना बळ आले आणि त्यांनी आपल्याच गाळात खोल पात्रे कोरली. झाडी वाढली, माळ आक्रसले. शहामृग तर या देशातून गेलेच होते.

ही सगळी नोंद आज नदीकाठांवर उघड्यावर पडली आहे आणि वेगाने नाहीशी होत आहे. वाळूउपशासाठी पात्रे खरवडली जातात, काठची माती वीटभट्ट्यांना जाते, दरडी यंत्रांनी सपाट करून शेते वाढवली जातात. जुन्नर तालुक्यात बोरी येथे कुकडीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ती सुमात्रातल्या टोबाच्या ७४ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची की त्याहून फार जुनी, हा वाद अजून चालू आहे आणि तो सोडवायचा तर थर जागेवर शिल्लक हवा. तुमच्या गावाच्या नदीकाठी दरडीतून मोठे हाड, दात किंवा अंड्याच्या जाड कवचाचा तुकडा डोकावताना दिसला, तर तो उपटू नका. आजूबाजूचे थर दिसतील असा फोटो घ्या, जागा नोंदवा आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला किंवा पुरातत्त्व खात्याच्या जवळच्या कार्यालयाला कळवा. हाड थरातून निघाले की त्याचे वय सांगणारी माती त्याच्यापासून तुटते.